एनबीए ड्राफ्टमधला ‘चार नंबर’ कसा पारखायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना आला, शिकागोत ड्राफ्ट कंबाइन (एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टआधी, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीआधी, होणारी मोजमापं आणि चाचण्या) सुरू झालं, की मला फोन आणि मेसेज यायला लागतात. हा पोरगा कसा आहे, तो चालेल का, याला इतक्या वर का धरलंय? विचारणारे बहुतेक स्वतः खेळलेले असतात, कुणी पुण्यात तर कुणी नागपाड्यात. मी शाळेपासून कॉलेज संपेपर्यंत चार नंबरवरच खेळलो, आता संध्याकाळी मुलांना शिकवतो. कुठल्याही व्यावसायिक संघाशी माझा संबंध नाही. गेली पंधरा वर्षं पहाटे उठून अमेरिकन कॉलेजचे सामने बघतो आणि वहीत टिपून ठेवतो, तेवढीच शिदोरी. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं एकदाची नीट लिहून काढली आहेत.

पॉवर फॉरवर्ड म्हणजे नेमका कोण?

चेंडू वर आणणारा पॉइंट गार्ड एक आणि रिंगजवळचा सगळ्यात उंच सेंटर पाच असं मोजलं तर पॉवर फॉरवर्ड चौथा येतो, म्हणून ‘चार नंबर’. जुना चार नंबर रिंगच्या आसपास वावरायचा. अडवणाऱ्याला पाठीवर घ्यायचं, रेटून जागा करायची, वळून मारायचं, आणि चुकलेला शॉट दोन्ही हातांनी ओरबाडून घ्यायचा (हाच रिबाउंड). १९८५ मध्ये तेराव्या क्रमांकावर निवडला गेलेला कार्ल मलोन हा त्या घडणीचा नमुना. टिम डंकनही बराचसा त्याच शाळेतला, फक्त त्याच्या हालचालीत कधी घाई दिसली नाही.

आजचा चार नंबर बराच वेळ थ्री-पॉइंटच्या रेषेबाहेर, रिंगपासून ७.२४ मीटरवर उभा असतो. आपल्याकडे चेंडू असताना त्याने बाहेर थांबून आतली जागा मोकळी ठेवायची. समोरच्यांकडे चेंडू असताना आत मदतीला धावायचं आणि लगेच परत बाहेर आपल्या माणसावर पोहोचायचं. मध्येच स्क्रीन लागली (समोरच्याने अंगाने वाट अडवली) की थेट गार्डसमोर उभं राहायची पाळी येते. ताकदीवरून पडलेलं नाव तसंच राहिलं, काम मात्र पायांचं झालं.

हल्ली पोझिशनच उरल्या नाहीत म्हणतात. मग चार नंबर वेगळा कशाला पारखायचा?

कारण संघ उंच माणसं घेऊन खेळणार की छोटी-चपळ, हे याच जागेवर ठरतं. २०१५ च्या फायनल्समध्ये गोल्डन स्टेट १-२ ने मागे होतं. चौथ्या सामन्यात त्यांनी सेंटर अँड्र्यू बोगटला बसवलं, आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीला उतरवलं आणि चार नंबरच्या ड्रेमंड ग्रीनला सेंटर केलं. पुढचे तिन्ही सामने त्यांनी जिंकले. चार नंबर सेंटरलाही झेपवतो आणि गार्डच्याही मागे पळतो, एवढ्या एका गोष्टीवर तो डाव उभा होता.

म्हणून या जागेच्या पोराबद्दल मी दोनच प्रश्न धरून बसतो. हा कोणाकोणाला अडवू शकेल? आणि याला अडवणारा याला सोडून आत मदतीला जाऊ शकेल का? आपल्याकडे मैदानात ओरडतात ना, ‘त्याला सोड, मारू दे!’ ज्या चार नंबरबद्दल एनबीएत असं ओरडता येतं, त्याचे बाकीचे गुण निम्म्यावर येतात. त्याचा माणूस रिंगखाली ठाण मांडतो आणि आपली चाल पाचाऐवजी चौघांची होते.

ड्राफ्ट चालतो कसा?

तीस संघ, दोन फेऱ्या, म्हणजे साठ निवडी. दंड म्हणून एखाद्या संघाची निवड काढून घेतली तर आकडा खाली येतो. २०२४ मध्ये ५८ झाल्या. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, न पोहोचलेल्या चौदा संघांची लॉटरी निघते आणि पहिल्या चार जागा त्यातून ठरतात. २०१९ पासून तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची संधी सारखीच, प्रत्येकी १४ टक्के. पहिल्या फेरीत निवडलेल्याचे पहिल्या दोन वर्षांचे पैसे पक्के असतात, तिसरं आणि चौथं वर्ष संघाच्या मर्जीवर. दुसऱ्या फेरीत तशी हमी नाही. हे लक्षात ठेवा, कारण एकोणतिसावा आणि पस्तिसावा यांच्या खेळात फरक नसला तरी आयुष्यात पडतो. भारतात ड्राफ्ट बघायचा तर जूनमध्ये पहाटे साडेपाचला चहा घेऊन बसायचं.

उंची किती हवी?

उंचीचा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि मी तो सगळ्यात आधी बाजूला ठेवतो. सहा फूट आठ ते सहा फूट अकरा हा नेहमीचा पट्टा आहे, पण नुसत्या उंचीने काही कळत नाही. आपले जुने लोक विहिरीची खोली दोन मापांनी सांगायचे. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. हात वर करून उभं राहिलं की तळपायापासून बोटाच्या टोकापर्यंत एक पुरूस. शिकागोच्या कंबाइनमध्ये नेमकी हीच दोन मापं घेतात. विंगस्पॅन म्हणजे वाव, स्टँडिंग रीच म्हणजे पुरूस. माणसाची मान किती लांब आहे याने शॉट अडत नाही, बोटं कुठवर पोहोचतात याने अडतो.

ड्रेमंड ग्रीनची उंची साडेसहा फुटांच्या आसपास, वाव मात्र सात फुटांच्या वर. या सहा-सात इंचांच्या फरकावर तो आपल्यापेक्षा डोकंभर उंच माणसांसमोर उभा राहिला. उलट वाव उंचीइतकाच भरला तर मी वहीत खूण करतो. त्याला रिंगखाली उशीर परवडणार नाही, प्रत्येक वेळी जागेवर आधी पोहोचावं लागेल.

आणखी एक. जुन्या याद्यांमध्ये बूट घालून मोजलेल्या उंच्या सर्रास असत. २०१९-२० च्या हंगामापासून लीगने संघांकडून अनवाणी उंची मागायला सुरुवात केली आणि कित्येक जण कागदावर इंच-दीड इंच खाली आले. जुन्या खेळाडूशी आजच्या पोराची तुलना करताना हे ध्यानात असू द्या.

सामना बघायला बसलो की आधी काय बघू?

पहिल्यांदा बघताना चेंडू बघूच नका. अवघड जातं, डोळा आपोआप चेंडूमागे पळतो. पण चार नंबरच्या हातात चेंडू सामन्यातली थोडीच मिनिटं असतो आणि त्याची परीक्षा उरलेल्या वेळात होते.

एक प्रसंग घेऊ. समोरच्या संघाने वरच्या बाजूला पिक अँड रोल (स्क्रीन लावून रिंगकडे वळायची चाल) लावलाय. आपला पोरगा कोपऱ्यातल्या शूटरवर आहे. स्क्रीन लावलेला सेंटर वळून रिंगकडे धावतो. आता पोराला आत यावंच लागेल. कधी निघाला? सेंटरच्या हातात चेंडू पडल्यावर निघाला असेल तर उशीर झाला. स्क्रीन लागतानाच एक पाय आत टाकून ठेवला असेल तर त्याला खेळ वाचता येतो. तो आत आला म्हणून चेंडू कोपऱ्यात जातो. तिथे रेषा थोडी जवळ, ६.७० मीटरवर. आता परत धाव, यालाच क्लोजआउट म्हणतात. पहिली पावलं लांब पडायला हवीत, शेवटची दोन-तीन आखूड, बूड खाली, एक हात वर. ज्याची शेवटची पावलंही लांबच पडतात तो शूटरच्या अंगावरून वाहत जातो. शूटर चेंडू नुसता उचलल्यासारखा करतो, एक ड्रिबल मारतो, आणि त्यांच्या पाचांसमोर आपण चौघेच उरलो.

हा सगळा प्रकार तीन-चार सेकंदांचा. एका सामन्यात असे दहा-बारा तरी सापडतात. मी ते थांबवून, मागे नेऊन बघतो आणि वहीत फक्त पायांबद्दल लिहितो. २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलेल्या एव्हन मोब्लीचे यूएससी या कॉलेजचे सामने काढून बघा, सात फुटी माणसाची शेवटची दोन पावलं इतकी आखूड पडताना क्वचित दिसतात. २०२५ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू ठरला तेव्हा मला नवल वाटलं नाही.

दुसऱ्यांदा बघताना तोंड बघा. बोलतो का? बोट दाखवून कोणाला कुठे जायचं सांगतो का? टीव्हीवर आवाज येत नाही, पण ओठ आणि बोटं दिसतात. ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्जचा सामना मी बसून पाहिला. इतकी वर्षं पडद्यावर बघितलेल्या खेळातली मला पहिल्यांदा ऐकू आलेली गोष्ट म्हणजे मागच्या फळीतल्या मोठ्या माणसांचे आवाज. स्क्रीन येतेय, डावीकडे, मी आहे, सोड. अखंड बडबड. घरी परतल्यावर ‘बोलतो का?’ असा वेगळा रकानाच वहीत काढला.

तिसऱ्यांदा मात्र चेंडू बघा. स्क्रीन लावून चार नंबर मध्यभागी वळला, दोघे बचावपटू गार्डकडेच राहिले आणि पास याच्याकडे आला. समोर तीन जण, याच्या बाजूने चार. अर्ध्या सेकंदात ठरवायचंय: आत घुसू, कोपऱ्यात देऊ, की सेंटरला वर फेकू? चेंडू घेऊन आधी छातीशी धरणारा आणि मग मान वळवून बघणारा पोरगा कितीही उंच उडत असला तरी मी त्याला खालीच ठेवतो. ज्याने चेंडू येण्याआधीच मान फिरवून घेतलेली असते, तो हवा.

बाहेरून मारता येईल का, हे कॉलेजच्या टक्केवारीवरून कळतं का?

थोडंच कळतं. माझ्या २०११ च्या वहीत ॲरिझोनाच्या डेरिक विल्यम्सच्या नावाखाली दोन रेघा आहेत. त्या हंगामात त्याने थ्री-पॉइंटर ५६.८ टक्क्यांनी मारले होते. एनसीएए या कॉलेजांच्या स्पर्धेत ड्यूकविरुद्ध ३२ पॉइंट केले, तो सामना पाहून मी भारावलो होतो. मिनेसोटाने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. एनबीएत त्याची थ्री-पॉइंटची टक्केवारी तिशीच्या आसपासच राहिली. वर्षभरातले ते प्रयत्न होते फक्त ७४. एवढ्याशा धान्यावरून पोत्याचा भाव ठरवला होता मी.

त्याच ड्राफ्टमध्ये पंधराव्या क्रमांकावर सॅन डिएगो स्टेटचा एक फॉरवर्ड गेला. कॉलेजात तो चार नंबरवर खेळायचा आणि शेवटच्या वर्षी त्याचे थ्री-पॉइंटर ३० टक्केही पडले नव्हते. त्याचं नाव क्वाय लेनर्ड. पुढे तो लीगमधल्या भरवशाच्या शूटरपैकी एक झाला, आणि २०१४ आणि २०१९ अशा दोन फायनल्समध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) पाहिले तर कॉलेजच्या त्या वर्षी दोघेही पंचाहत्तर टक्क्यांच्या जवळपास होते. म्हणजे दोघांच्या हातात फारसा फरक नव्हता, फरक मी ७४ शॉट्समध्ये पाहिला.

तेव्हापासून माझा क्रम असा. आधी फ्री थ्रो, कारण तिथे कुणी अडवत नाही, अंतर बदलत नाही, आणि हंगामात शंभर-दीडशे तरी मिळतात. मग थ्री-पॉइंटरचे प्रयत्न किती, ते; टक्केवारी नंतर. पोरगा बिनधास्त मारतोय म्हणजे त्याचा प्रशिक्षकही सरावात ते पडताना बघतोय. मग रिंगपासून दोन-तीन मीटरवर तो चेंडू किती हळुवार ठेवतो. कॉलेजची रेषा २०१९-२० पासून ६.७५ मीटरवर आहे, एनबीएची त्याहून अर्धा मीटर लांब. त्या अर्ध्या मीटरसाठी पाय आणि मनगट एकत्र काम करायला लागतात. ज्याचा शॉट नुसत्या दंडातून निघतो त्याला ते अंतर चौथ्या क्वार्टरमध्ये जाणवतं.

पॉइंट्स आणि रिबाउंडच्या सरासरीवरून निवडलं तर काय बिघडलं?

२०१८ चे दोन चार नंबर शेजारी ठेवा. ड्यूकचा मार्विन बॅगली, सरासरी २१ पॉइंट आणि ११ रिबाउंड. मिशिगन स्टेटचा जॅरन जॅक्सन, जेमतेम ११ पॉइंट आणि सहाही नाहीत इतके रिबाउंड. बॅगली दुसरा गेला, जॅक्सन चौथा. सरासरी बघणाऱ्याला हे बरोबरच वाटणार.

आता जरा खरवडून बघू. जॅक्सन सामन्यात बावीस मिनिटंच खेळायचा, त्याचे फाउल लवकर भरायचे, आणि तेवढ्यात तीन ब्लॉक करायचा. फ्री थ्रो जवळपास ८० टक्के. बॅगलीचे फ्री थ्रो ६३ च्या आसपास. शिवाय ड्यूकने त्या हंगामात मॅन-टू-मॅन (प्रत्येकाने एकेक माणूस धरणं) सोडून बराच काळ झोन (प्रत्येकाने आपापली जागा राखणं) लावला होता. चार नंबर झोनमध्ये लपलेला असला की तो कोणाला अडवू शकेल या प्रश्नाचं उत्तर टेपवर सापडतच नाही, आणि उत्तर सापडत नाही हीच मोठी नोंद असते. २०२३ मध्ये जॅक्सन एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू झाला. बॅगलीला दुसऱ्या क्रमांकाला शोभेल अशी जागा कुठल्याच संघात मिळाली नाही.

रिबाउंडचं मात्र वेगळं आहे. कॉलेजच्या सगळ्या आकड्यांत एनबीएत टिकणारा आकडा हाच, असा माझा अनुभव. पॉल मिलसॅप लुइझियाना टेकसारख्या लहान कॉलेजातून आला, देशात सलग तीन वर्षं रिबाउंडमध्ये पहिला, तरी २००६ मध्ये ४७ वा गेला. चार वेळा ऑल-स्टार झाला. केनेथ फरीड मोरहेड स्टेटचा, डंकनचा कॉलेजमधला रिबाउंडचा विक्रम मोडून २०११ मध्ये बाविसावा आला. एनबीएतही रिबाउंड घेतच राहिला. पण मिलसॅपने बाहेरचा शॉट कमावला आणि फरीडला तो कमावता आला नाही. लीग बाहेरच्या रेषेकडे सरकली तशी फरीडची मिनिटं आटत गेली आणि २०१९ नंतर तो एनबीएत दिसला नाही. त्याच्याइतकं जीव तोडून पळणारा खेळाडू मी कमी पाहिलाय, म्हणून ती गोष्ट अजून लागते.

वयाला इतकं महत्त्व का?

एकोणीस वर्षांचा पोरगा बावीस-तेवीसच्या गड्यांमध्ये टिकतो तेव्हा त्याच्या पुढच्या वाढीची जागा शिल्लक असते. तेवीस वर्षांचा गडी एकोणीसच्या पोरांना रेटून पॉइंट करतो, तेव्हा ती ताकद एनबीएत पहिल्याच दिवशी संपते, कारण तिथे सगळेच गडी. अमेरिकन मुलाला ड्राफ्टच्या वर्षात एकोणीस पूर्ण व्हावी लागतात आणि शाळा संपून एक हंगाम जावा लागतो. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, त्यामुळे बरेच जण जास्त वर्षं थांबतात आणि हल्ली मोठ्या वयाचे पुष्कळ दिसतात.

जन्मतारखेसोबत खेळाचं वयही बघा. डंकन लहानपणी सेंट क्रॉय बेटावर पोहायचा. १९८९ च्या ह्यूगो वादळात तलाव उद्ध्वस्त झाला आणि त्यानंतर तो बास्केटबॉलकडे वळला. कॅमेरूनचा पास्काल सियाकाम धर्मगुरूंच्या शाळेत शिकत होता, या खेळाकडे उशिरा आला. २०१६ मध्ये २७ वा निवडला गेला आणि तीन वर्षांत टोरंटोसोबत अजिंक्यपद जिंकला. बावीस वर्षांचा पण पाचच वर्षं खेळलेला पोरगा मी वेगळ्या पानावर लिहितो.

२०१३ मध्ये अँथनी बेनेट पहिला आणि यानिस पंधरावा. सगळ्यांचंच चुकलं कसं?

आज मागे वळून बोलणं सोपं आहे, म्हणून तेव्हा समोर काय होतं ते आधी मांडतो. बेनेटने यूएनएलव्ही या कॉलेजकडून एका हंगामात १६ पॉइंट आणि ८ रिबाउंडची सरासरी काढली होती. अंगाने भक्कम, आत ताकद, बाहेरूनही हात चालायचा. खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्याला संघांसमोर सराव करून दाखवता आला नाही, म्हणजे शेवटची तपासणी झालीच नाही. आणि तो चार नंबरच्या मापाने बुटका, तीन नंबरच्या मापाने जड होता. तो कोणाला अडवेल, याचं उत्तर कुणीच ठामपणे देत नव्हतं. क्लीव्हलंडने तरीही त्याला पहिला घेतला. पहिल्या हंगामात सरासरी ४.२ पॉइंट. चार हंगाम, १५१ सामने, आणि एनबीए संपलं.

त्याच्यावर लोक अजून हसतात. मला ते पटत नाही. वीस वर्षांच्या पोराने मला पहिला निवडा म्हणून कुणाचे पाय धरले नव्हते. पारखणाऱ्यांनी ज्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं त्याच्यावरून पुढे उडी मारली, आणि त्याचा भार त्या पोराच्या खांद्यावर पडला.

दुसरीकडे यानिस अँटेटोकुंपो. अथेन्समध्ये नायजेरियन आईवडिलांच्या पोटी जन्मलेला, अठरा वर्षांचा, ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत फिलाथ्लिटिकोसकडून खेळणारा. छोटीशी जिम, अंधुक चित्रण, समोर बहुतेक सामान्य खेळाडू. तिथल्या आकड्यांना अर्थ देणं अवघडच. पण टेपवर एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. सहा फूट नऊ इंचांचा काटकुळा पोरगा स्वतः चेंडू घेऊन वर येतो, धावता धावता डोकं वर ठेवून पास देतो, आणि परतताना समोरच्याला मागून गाठून ब्लॉक करतो. मिल्वॉकीने पंधराव्या क्रमांकावर त्याला घेतलं आणि वाट पाहिली. तो आणखी दोन इंच वाढला. पहिल्या वर्षी सरासरी ६.८ पॉइंट होती, म्हणजे तेव्हाही बेनेटशी तुलना केली तर फरक फार नव्हता. २०१९ आणि २०२० मध्ये तो एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. २०२१ ला अजिंक्यपदाच्या शेवटच्या सामन्यात त्याने ५० पॉइंट केले.

त्या पोराचं शरीर भरणार होतं, हे निम्मं नशीब. डोकं वर ठेवून खेळतो, हे मात्र २०१३ च्या अंधुक टेपवरही कुणालाही दिसलं असतं.

‘ट्वीनर’ म्हणजे काय, आणि तो वाईटच का?

ना धड तीन ना धड चार, त्याला ट्वीनर म्हणतात. पूर्वी हा शब्द पोराच्या नावापुढे लागला की तो खाली घसरायचा. २०१२ मध्ये ड्रेमंड ग्रीनला याच शब्दाने पस्तिसाव्या क्रमांकावर नेलं. मिशिगन स्टेटमध्ये चार वर्षं, शेवटच्या वर्षी सामन्याला दहाहून जास्त रिबाउंड आणि जवळपास चार असिस्ट (पॉइंट मिळवून देणारे पास). असा चार नंबर दुर्मीळ होता, पण चर्चा उंचीची झाली. एकच शब्द ग्रीनला लागला आणि विल्यम्सलाही लागला. ग्रीन तीनलाही अडवू शकत होता आणि चारलाही; विल्यम्सला दोन्ही जड गेले. म्हणून शब्द ऐकला की विचारा: दोन्हींना पुरून उरणारा, की दोन्हींत कमी पडणारा?

यूट्यूबवर हायलाइट बघून मत बनवलं तर चालेल?

नाही. त्यात चुकलेला क्लोजआउट कुणी घालत नाही. हरलेला एक पूर्ण सामना शोधा आणि तो बघा.

युरोपातून येणाऱ्यांना कसं तोलायचं?

तिथे अठरा-एकोणीसचा पोरगा तिशीच्या व्यावसायिकांबरोबर खेळतो, त्याला बारा-पंधरा मिनिटं मिळतात, त्यामुळे आकडे छोटे दिसतात. मिनिटं कोणत्या वेळेला मिळाली ते बघा. सामना अटीतटीचा असताना प्रशिक्षकाने त्याला मैदानावर ठेवलं असेल तर ती दहा मिनिटं कॉलेजच्या तीस मिनिटांच्या तोडीची.

डर्क नोविट्स्की जर्मनीत वुर्झबुर्गकडून दुसऱ्या श्रेणीत खेळायचा. १९९८ मध्ये सॅन अँटोनियोला नाइकी हूप समिटमध्ये अमेरिकेच्या निवडक मुलांविरुद्ध त्याने ३३ पॉइंट आणि १४ रिबाउंड घेतले, तेव्हा सगळे जागे झाले. तरी त्याला नवव्या क्रमांकावर मिल्वॉकीने निवडलं ते डॅलसला देण्यासाठीच. बदल्यात सहाव्या क्रमांकाचा, अंगाने भरभक्कम रॉबर्ट ट्रेलर घेतला. त्या काळी चार नंबर म्हटलं की डोळ्यांसमोर ट्रेलरच यायचा. डर्क एकवीस हंगाम डॅलसकडेच खेळला आणि २०११ ला त्यांना अजिंक्यपद मिळवून दिलं.

दुखापतींचं काय?

वैद्यकीय अहवाल संघांकडे असतात, आपल्याकडे नसतात, त्यामुळे बाहेरून फार छातीठोक बोलू नये. ब्लेक ग्रिफिन २००९ ला पहिला निवडला गेला आणि गुडघ्यामुळे पहिला अख्खा हंगाम बाहेर बसला, पण नंतर खेळला आणि गाजला. झायन विल्यमसन २०१९ चा पहिला. त्याच्या ताकदीबद्दल कुणाला शंका नव्हती, सामने मात्र फार बुडाले. जड अंगाचा आणि उंच उडणारा पोरगा असेल तर तो उतरतो कसा, एका पायावर की दोन्ही पायांवर, एवढं मी टिपतो.

कूपर फ्लॅग चार नंबर आहे का?

तो मेन राज्यातल्या न्यूपोर्ट या छोट्या गावचा. ड्यूककडून एका हंगामात १९.२ पॉइंट, ७.५ रिबाउंड, ४.२ असिस्ट. २०२५ मध्ये लॉटरीत १.८ टक्के संधी असलेल्या डॅलसला पहिला क्रमांक लागला आणि त्यांनी त्याला घेतला. अनवाणी सहा फूट पावणेआठ इंच, वाव सात फूट. अंगाने आणि बचावाने तो चारच. पण डॅलसने सुरुवातीच्या सामन्यांत चेंडू त्याच्या हातात देऊन त्याला पॉइंट गार्ड केलं. अठरा वर्षांच्या पोरासाठी ते फार ओझं होतं असं मला वाटतं. त्याचा सगळ्यात मोठा गुण, बाजूने येऊन मदत करण्याचा, तो ताज्या पायांवर खेळला तरच दिसतो.

भारतातून कुणी?

पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग भामरा २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडला. भारतात जन्मून ड्राफ्ट झालेला तो पहिला. पण तो सेंटर होता आणि एनबीएचा सामना त्याच्या वाट्याला आला नाही. चार नंबरच्या अंगाचा म्हणावा असा प्रिन्सपाल सिंग, ग्रेटर नोएडाच्या एनबीए अकॅडमीतून जी लीग इग्नाइट या एनबीएच्या दुय्यम लीगमधल्या संघात गेला आणि २०२१ मध्ये समर लीग ही एनबीएची उन्हाळी स्पर्धा जिंकणाऱ्या सॅक्रामेंटोच्या संघात होता.

आपल्या मैदानांत उंच पोरगा दिसला की त्याला पहिल्या दिवसापासून रिंगखाली उभं करतात. मीही शिकवायला लागलो तेव्हा तसंच केलं. आता बारा-तेरा वर्षांच्या उंच मुलांना मी गार्डांबरोबर ड्रिबल करायला लावतो आणि बचावात छोट्या, चपळ मुलांसमोर उभं करतो. सुरुवातीला ती हरतात, रडकुंडीला येतात. तीन-चार महिन्यांनी शेवटची पावलं आखूड व्हायला लागतात.

मला स्वतःला नोंदी ठेवायच्या आहेत. सुरुवात कुठून करू?

साधी दोनशे पानी वही घ्या. एका पोराला समोरासमोरची दोन पानं. डावीकडे मापं, वय, फ्री थ्रो, किती प्रयत्न. उजवीकडे फक्त डोळ्यांनी पाहिलेलं, सामन्याची तारीख घालून: क्लोजआउट, बोलणं, मधल्या जागेतला पास, हरत असताना परत धावतो का. कमीत कमी तीन पूर्ण सामने झाल्याशिवाय मत लिहू नका. मत लिहिलं की त्याखाली ‘हा कोणाला अडवेल?’ याचं उत्तर एका ओळीत लिहा. एका ओळीत मावलं नाही तर अजून एक सामना बघा. आणि खाली चार बोटं जागा कोरी सोडा. तीन वर्षांनी तिथे परत यायचं असतं. विल्यम्सच्या पानावरची ती जागा मी २०१४ मध्ये भरली, लाल शाईने.